पळसाले किती राख

५ जानेवारी २०२५, रविवार

जास्वंद हिरवी झाली!

व्हिडिओ पाहून-पाहून लेकरांसाठी फुलांच्या रंगाचा गेम बनवून राह्यलो, लॅपटॉपवर. तीन आठवडे झाले, त्यात सोडा टाकला की स्क्रीनवरचं पाणी नालीसारखं काळं व्हायचं. आज सकाळी एक चमचा टाकला आन् हिरवं झालं. लिंबू पिळलं, गुलाबी. परत सोडा, परत हिरवं. वीस वेळा करून पाह्यलं. खोलीतले तिघं झोपले होते. कोणाले उठवावं, कोणाले सांगावं समजलं नाही, म्हणून इथं लिहून राह्यलो.

चूक सापडली ती अशी — मी रंगात रंग मिसळत होतो, मिलमध्ये बादलीत मिसळतो तसा. फुलाचं तसं नसते. फुलात रंग एकच. पाणी आंबट झालं की तो एक रूप घेते, सोड्याचं झालं की दुसरं. मिसळायचं नाही, रूप बदलायचं. एवढी गोष्ट समजायले तीन आठवडे.

८ जानेवारी, बुधवार

आज कलर किचनमध्ये दिवसभर लालच लाल. किचन म्हणतात, पण शिजते फक्त रंग. पावडर मोजा, पाण्यात घोळा, सोडा टाका, पीएचची पट्टी बुडवा, शेड जुळली की मशीनवर धाडा. पाच वर्षं हेच. सुरत म्हणजे माझ्यासाठी एक पत्र्याचं छत आन् खाली वाफ.

हिरासिंग काकाले गेम दाखवला. काका आमचा कलर मास्टर, दिग्रसकडच्या तांड्याचा, पंचवीस वर्षं इथं. चष्मा कपाळावर चढवून पाह्यलं.

"हे फूल कायले बोलून नाही राह्यलं?"

"फूल बोलत नसते काका."

"मंग लेकरं काहून खेळतील? बोलतं फूल पायजे."

असं म्हणाला आन् अर्धा तास स्वतःच लिंबू पिळत बसला. मशीनवरून दोनदा हाक आली तरी उठला नाही.

११ जानेवारी, शनिवार

गेमची लिंक राखीले पाठवलती. बहीण माझी, सातवीत आहे, तांड्यावरच्याच शाळेत. तिचा फोन आला.

"भिया, तुझा झेंडू बिघडला. काही टाकलं तरी तसाच राह्यते."

म्हटलं, तीच तर गंमत आहे. झेंडूचा पिवळा वेगळ्या जातीचा, लिंबू-सोड्याले दाद देत नाही.

ती म्हणे, "आमच्या मॅडमसारखा."

मॅडमले पण दाखवला म्हणते. कायले दाखवला? अजून सहाच लेव्हल आहेत, त्यातली चौथी मधातच बंद पडते.

१४ जानेवारी, मंगळवार

मॅडमचा फोन! अपेक्षा मॅडम. मारेगावकडच्या आहेत, घरची कापसाची शेती, नोकरी आमच्या तांड्यावर. मी शाळेत होतो तवा मास्तर लोक मले 'ए राठोड' म्हणत. या म्हणाल्या, बादलभाऊ.

"बादलभाऊ, तुम्ही किती शिकलात?"

"नववी." मंग सांगून टाकलं, "नववी नापास. विज्ञानात शंभरात सात."

"बरं. कापसाचं फूल का नाही घेतलं गेममध्ये? पहिल्या दिवशी पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. पोरं विचारतात का होतं, आणि मला त्यांना पुस्तकात दाखवायला काही नाही."

मी कापसात, पऱ्हाटीत वाढलो. लहानपणी त्या गुलाबी फुलांच्या माळा करून बैलाच्या शिंगाले बांधल्या. माझ्या गेममध्ये कापूस नाही, आन् सुरतेतल्या कुंडीतली गोकर्ण आहे. लाज वाटली.

१९ जानेवारी, रविवार

कापूस झाला. फूल उमलते तवा त्यात गुलाबी रंग नसतेच. फुलाचं काम झालं की एका दिवसात ते स्वतः तो तयार करते. वरून कोणी टाकत नाही. म्हणून या लेव्हलमध्ये लेकराच्या हातात लिंबू नाही, सोडा नाही — फक्त वाट पाहायची. सूर्य ओढून एकदा मावळवायचा, परत उगवायचा. खोलीतल्या ओडिशाच्या भाऊले खेळायले दिलं तर म्हणे, झूठ है, दो अलग फूल हैं. त्याच्याशी भांडलो.

मॅडमनं लिंक यवतमाळले धाडली. तिथं एक संस्था आहे, आश्रमशाळांच्या टॅबवर असे गेम टाकते. तिथले संजय सर बोलले. एम.एस्सी. केमिस्ट्री. आवाज असा की वाटे, फोनमधूनच वही तपासतील.

ते म्हणाले ते असं: जिल्ह्यातल्या चाळीस शाळांमध्ये टॅब आहेत. आधी लेव्हल दहा करा, मग तीन शाळांत आठवडाभर मोबाईलवर गेम देऊन पाहू — तुमचा तांडा, ढाणकीतली एक, कळंबजवळची एक. मिळून दीडशे पोरं. सात दिवसांत शंभर पोरांनी दहाच्या दहा लेव्हल पूर्ण केल्या, तर गेम टॅबवर. नाहीतर नाही.

"नव्व्याण्णव झाले तर?" मी विचारलं.

"तर नव्व्याण्णव."

चाळीस शाळा! सात मार्कांच्या पोराचं विज्ञान चाळीस शाळांत. आज पाळीवर दोनदा चुकीची बादली उचलली.

२२ जानेवारी, बुधवार

नवीन डोकेदुखी. माझ्या लॅपटॉपवर पळस नारिंगी, राखीच्या मोबाईलवर लाल. प्रत्येक स्क्रीनचा रंग वेगळा. मंग 'असा रंग करून दाखवा' कसं म्हणायचं?

काकाले विचारलं. तो नळाखाली हात धुवत होता, मागं पाह्यलं पण नाही.

"तू शेड आठवणीनं पास करते का बे? तुकड्याले तुकडा लावून पाह्यतो ना आपण?"

झालं. स्क्रीनवर दोन कापडं शेजारी-शेजारी. डावं गिऱ्हाईकाचं, उजवं लेकराचं. फोन कसाही असो, दोन्ही सारखेच चुकतील. पाच वर्षं रोज हेच करतो आन् गेममध्ये सुचलं नाही.

२७ जानेवारी, सोमवार

आजपासून सात दिवस. आकडा पाहायचं एक पान केलं आहे. किती लेकरांनी गेम पूर्ण केला ते दिसते. सकाळी शून्य. दुपारी शून्य. अजून पाळीले जायचं आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

एकतीस.

३ फेब्रुवारी, सोमवार

संजय सरांनी शाळेवार आकडे वाचून दाखवले. ढाणकी पंधरा. कळंबकडची बारा. तांडा चार.

बासष्ट लेकरं तांड्यावर. चार! परक्यांनी माझा गेम खेळला, घरच्यांनी नाही.

"मुलं सातव्या लेव्हलला सोडून देतात," सर म्हणाले. "पळसावर. तुमच्या तांड्याची तर जवळजवळ सगळीच. रसायनशास्त्र बरोबर आहे तुमचं, मी तपासलं. पण मुलं अडकतात. आणखी एक संधी देतो, मार्चमध्ये. एकच."

५ फेब्रुवारी, बुधवार

पुसून टाकणार होतो सगळं. फोल्डरवर बोट ठेवलं पण होतं. मंग उठलो आन् खाडीपर्यंत पायी गेलो, पायी आलो. मले एका जागी बसवत नाही, शाळेतही बसवत नव्हतं. ही एकच गोष्ट आहे जिच्यासमोर मी बसतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

राखीले खडसावून विचारलं, काहून सोडला सगळ्यांनी? ती म्हणाली —

"भिया, तुझी राखच खोटी हाये."

सातव्या लेव्हलमध्ये पळसाची फुलं उकळायची, त्यात राख टाकायची, पिवळ्याचा नारिंगी करायचा. होळीले आमच्या तांड्यावर असाच रंग करतात. माझ्या गेममध्ये एक चमचा राख बरोबर. दोन टाकली तर रंग जळते, तीनले लेव्हल संपते.

"एका चमच्यात कधी रंग येते का?" राखी म्हणे. "आम्ही तीन टाकतो, चार टाकतो. तू एकाच चमच्यात म्हणते जळला. पोट्टे म्हणतात, बादलभाऊनं कधी चूल पाह्यली नाही."

आन् कोणती राख, तेही गेममध्ये नाही. पऱ्हाटीची, गोवरीची, बाभळीची? ढाणकीच्या पोरांले काहीच माहीत नाही, ते अंदाजे एक चमचा टाकून पुढं गेले. तांड्याच्या लेकरांले माहीत आहे म्हणून नापास झाले.

मी काय केलतं ते आता सांगतो, इथंच सांगतो. खोलीत गॅस आहे. राख कुठून आणू? मिलमधला सोडा मोजला, त्याचाच आकडा घातला आन् वर चित्र राखेचं लावलं.

पाच वर्षांत चुलीची राख विसरलो.

९ फेब्रुवारी, रविवार

आईले, आमच्या याडीले फोन. म्हटलं, तू पळसाले राख किती टाकते?

"लागन तेवढी."

"पण किती? चमचे सांग."

"चमच्यानं कोण टाकते? मुठीनं टाकते."

"मंग मुठी किती?"

"तू सुरतेले हेच शिकला का?"

मागून राखीच्या हसण्याचा आवाज. शेवटी ठरलं असं — हिरासिंग काका पुतणीच्या लग्नाले गावाकडे चालला आहे. येताना याडीकडून तीन चुलींची राख आणणार. वेगवेगळ्या पुड्यांत. पीएचच्या पट्ट्या माझ्याजवळ आहेत, राख तिच्याजवळ. दोन्ही एका जागी आल्याशिवाय हिशेब लागायचा नाही.

काका म्हणाला, "पंचवीस वर्षांत तिकडून तुरीची डाळ आणली, चारोळी आणली. राख पहिल्यांदाच."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काका आला! थेट स्टेशनवरून पाळीवर. गेटवर वॉचमननं बॅग उघडली. त्यात लाल फडक्यात बांधलेल्या तीन पुड्या. एक सोडली, राख. वॉचमनचा हात तसाच राह्यला.

"किसकी है, चाचा?"

काका गरीब चेहरा करून उभा. "तीन बहनें थीं."

वॉचमननं टोपी काढली. मागं रांगेत उभे होते त्यांनी हात जोडले. एकानं विचारलं, तापी में विसर्जन करोगे? काका म्हणे, नाही, पोरगा आत वाट पाहून राह्यला. कोणी अडवलं नाही. आत आल्यावर माझ्या हातात पुड्या देऊन इतका हसला की चष्मा रंगाच्या बादलीत पडला.

आता मिलमधली अर्धी माणसं मले पाहून आवाज बारीक करतात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पीएच मोजलं. पाळी सुरू व्हायच्या आधी, काकाच्या समोर. प्रत्येकी एक चमचा, एक ग्लास पाणी, कपड्यानं गाळून.

मिलचा सोडा: अकरा.
पऱ्हाटीची राख: साडेदहा.
बाभळीची: दहा.
गोवरीची: नऊ.

म्हटलं, दोनचाच तर फरक आहे. काकानं डोक्यावर टपली मारली.

"दोनचा नाही. एक आकडा उतरला म्हणजे दहापट कमी. दोन उतरले म्हणजे शंभरपट. नवीन असताना मी याच्यात कापडाचं एक आख्खं थान वाया घालवलतं."

शंभरपट! आन् आमच्या बाया हे पट्टीशिवाय सांभाळतात. चूल बदलली की मूठ बदलते.

पण याडी थांबते कुठं? तिले कसं समजते की पुरे झालं? हे विचारायचं राह्यलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

विचारलं. याडीले आधी प्रश्नच समजला नाही. मंग म्हणाली, दोन बोटं बुडवायची आन् एकमेकावर घासायची. बोटावरून बोट घसरलं, साबण लावल्यासारखं, की थांबायचं.

बस! एवढंच! मी चमचे मोजून राह्यलो होतो आन् ती बोटानं पीएच पाहून राह्यली होती. मिलमध्ये सोड्याच्या पाण्यात बोट घातलं तर साल निघते, म्हणून आम्हाले बोट घालायची मनाई. म्हणून मले सुचलंच नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

चमचा काढून टाकला. आता सातव्या लेव्हलले तीन चुली आहेत. ज्या चुलीची पाहिजे तिची राख घ्या. मुठीनं टाका, कितीही वेळा. आन् मधात 'बोट लावा' — स्क्रीनवर बोट घासायचं. पाणी कच्चं असलं तर चित्रातलं बोट अडकते, रंग व्हायले आला की घसरते.

ते घसरणं जमून नाही राह्यलं. अडकते तरी, नाहीतर एकदम उडून जाते.

२५ फेब्रुवारी

उडून जाते.

२७ फेब्रुवारी

बोट घसरलं!

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

राखीले दिलं, याडीच्या हातात द्यायले सांगतलं. राखीनं त्याचा व्हिडिओ काढून पाठवला. याडी फोन जमिनीवर ठेवून बसली आहे, चुलीसमोर बसते तशी. गोवरीची राख टाकली एक मूठ. बोट घासलं — अडकलं. अजून एक मूठ. अडकलं. तिसरी. घसरलं. हात उचलला आन् फोनकडे पाहून म्हणाली, "हां. अब सुदो."

म्हणजे, आता सरळ झालं. एवढ्या वर्षांत तिनं माझ्या कोणत्याच कामाले असं म्हटलं नव्हतं. व्हिडिओ बारा वेळा पाह्यला. काकाले पण दाखवला. तो म्हणे, याडीले मिलमध्ये आण, पट्ट्यांचा खर्च वाचन.

६ मार्च, गुरुवार

दुसरा आठवडा सुरू, आकडा परत शून्यापासून. बुधवारी पाच वाजेपर्यंत शंभर पाहिजे. आज दुपारपर्यंतच एकोणीस! गेल्या वेळी पाचव्या दिवशी एवढे झाले होते.

७ मार्च

एक्केचाळीस. त्यात तांडा सव्वीस.

८ मार्च

त्रेसष्ट. मॅडमचा मेसेज: "मधल्या सुट्टीत पोरं राखेवरून भांडतात. बाभूळवाले आणि पऱ्हाटीवाले असे दोन गट पडलेत."

९ मार्च, रविवार

अठ्ठ्याऐंशी!

पाळी नाही आज. दिवसभर ते पान उघडं. खोलीतले तिघंही येता-जाता पाहतात. ओडिशावाला भाऊ, जो कापसाले झूठ म्हणे, तोच ओरडून सांगते, "बादल, पचासी! बादल, सत्तासी!" खालच्या खोलीतला माणूस विचारून गेला, कौनसी मॅच है.

कळंबकडून एका पोरानं खाली लिहिलं आहे: मास्तर, पळस परत खेळता येते का? मले मास्तर म्हटलं. त्याले कोण सांगन.

१० मार्च, सोमवार

चौऱ्याण्णव. काकानं पेढे आणायचं ठरवलं आहे, मी म्हटलं बुधवारी.

११ मार्च, मंगळवार

शहाण्णव. फक्त दोन वाढले. ठीक आहे. चारच तर पाहिजे. चोपन्न लेकरं उरली आहेत तिन्ही शाळांत मिळून.

१२ मार्च, बुधवार

सकाळी नऊ — शहाण्णव.

अकरा — शहाण्णव.

एक वाजता मी एक गोष्ट केली ती लिहून ठेवतो. गेम उघडला. नावाच्या जागी 'कपिल' लिहिलं. कोण कपिल? कोणीच नाही. दहा लेव्हल मले दहा मिनिटं लागतात. चार नावं, चाळीस मिनिटं, शंभर पूर्ण. कोणाले कळलं असतं?

सातव्या लेव्हलपर्यंत गेलो. तीन चुली आल्या. राख उचलली, टाकली नाही. या लेकरांनी माझी एक खोटी राख पकडली, त्यासाठी पूर्ण गेम सोडून दिला. आता मी खोटी लेकरं टाकणार? बंद केलं. कपिल सातव्यावरच राह्यला.

मंग राग आला, सगळ्यांचाच. मॅडमले फोन लावला. उचलला नाही. राखीले लावला, बंद. चार वाजता पाळीवरून परत लावला. काकानं माझ्या बादल्या स्वतः उचलल्या.

पाच वाजले. शहाण्णव.

पेढे काकानं आणलेच होते. खोका तसाच ठेवला आहे.

१३ मार्च, गुरुवार, होळी

मॅडमचा फोन आला सकाळी.

"बादलभाऊ, रागावलात?"

"काल काहून कोणी खेळलं नाही मॅडम? चारच पाहिजे होते."

"फोन कोणाच्या हातात देऊ? एकाचाही हात कोरडा नव्हता."

मंग त्यांनी जे सांगतलं ते सगळं जसंच्या तसं लिहितो, कारण अजून मलेच खरं वाटून नाही राह्यलं.

काल दुपारी संजय सर न सांगता तांड्यावर आले. पोरं कशी खेळतात ते शेवटच्या दिवशी डोळ्यांनी पाहायचं म्हणून. शाळेत सहावी, सातवी, आठवीचे वर्ग रिकामे. मॅडमले वाटलं, गेली नोकरी. मॅडम त्यांले घेऊन नाल्याकडे गेल्या. पळसाखाली दगडांच्या चुली मांडलेल्या. तीन नाही, नऊ. पातेल्यांत फुलं उकळून राह्यली. मधात माझी याडी बसलेली. राखीनं जास्वंद कागदावर घासून पट्ट्या केल्या होत्या, मिलमध्ये माझ्याजवळ असतात तशा. प्रत्येक चुलीच्या राखेच्या पाण्यात त्या बुडवून कोणती किती हिरवी होते ते वहीत उतरवून राह्यली होती. पट्ट्यांचं मी तिले कधी शिकवलं नाही. पहिल्या लेव्हलवरून तिनं स्वतः काढलं.

सरांनी जमनीले विचारलं. आठवीतली पोरगी, नाल्याच्या वरच्या घरची. तिचा गेम अर्धाच राह्यला आहे.

"तू गेम का नाही पूर्ण केलास?"

"पळसावर अटकली होती सर. म्हणून पाहाले आली, खरोखर कसं होते ते."

"मग झालं का?"

तिनं पातेलं दाखवलं.

सर चुलीपाशी उकिडवे बसले, म्हणे. उतरवून ठेवलेल्या पातेल्यात दोन बोटं बुडवली, घासली. याडीनं त्यांच्या हातावर हात मारला आन् म्हणाली, "अजून नाही. एक मूठ टाक."

एम.एस्सी. केमिस्ट्रीनं एक मूठ टाकली.

फोन ठेवल्यावर मी पेढ्यांचा खोका उघडला. ओडिशावाल्या भाऊनं विचारलं, जीत गए क्या? म्हटलं, नहीं. मंग मिठाई किस बात की? त्याच्या तोंडात दोन घातले.

१४ मार्च, शुक्रवार

संजय सरांचा मेसेज. दोन ओळी. पहिली: 'एकूण ९६. टॅबसाठी पात्र नाही.'

दुसरी: 'पुढच्या आठवड्यात चाळीस शाळांचे चाळीस विज्ञान शिक्षक तांड्यावर आणतोय. चुली आईंकडे, बाकी शिकवणं तुमच्याकडे. या.'

काकाले सुट्टी मागितली. म्हणे, किती दिवसांची लिहू?

म्हटलं, आकडा कोरा ठेव.